माझा डावा ब्रेक

मित्रांनो, तोरण्यावरून ढग खाली उतरले की मला हमखास डुलकी लागते. मी कोंडिबांचा म्हातारा ट्रॅक्टर. वेल्ह्यापासून थोडं आत, डोंगराच्या कुशीत आमची वस्ती आहे. तिथल्या पत्र्याच्या छपराखाली मी उभा असतो. कोंबड्या माझ्या सीटवर बसून पंख झाडतात आणि मी अर्धा जागा, अर्धा झोपेत माझे जुने दिवस बघत राहतो.

कारखान्यातला जन्म मला धूसरच आठवतो. ठिणग्या, खूप उजेड आणि ओल्या रंगाचा वास. पुढे भोरच्या एका बागायतदाराकडे मी बरीच वर्षं राबलो. त्यांनी नवा ट्रॅक्टर घेतला आणि मी कोंडिबांच्या दारात आलो. त्या दिवशी वस्तीतल्या बायांनी मला ओवाळलं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी असा काही फुगलो होतो की विचारू नका.

कोंडिबांनी उभा जन्म बैलांचा नांगर धरलेला. त्यांची जोडी बांधाशी पोचली की नेहमी डाव्या अंगाला वळायची. मलाही त्यांनी तसंच हाकलं. तुम्हाला सांगतो, ट्रॅक्टरच्या डाव्या आणि उजव्या मागच्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. त्यांची दोन पायडलं शेजारी शेजारी. रस्त्यावर ती कडीने जोडायची, शेतात सुटी ठेवायची. डावं दाबलं की डावं चाक थांबतं आणि मी जागच्या जागी डावीकडे फिरतो. आमची भातखाचरं म्हणजे एवढीएवढीशी, सारखं वळावं लागतं. लावणीआधीची चिखलणी करताना कोंडिबा डावं पायडल दाबत म्हणायचे, "हां, वळ रं राजा!" ते राजा म्हणाले की मला गुदगुल्या व्हायच्या. उजव्या पायडलाला मात्र शेतात फारसं कामच नव्हतं.

कोंडिबांचे गुडघे धरले, तेव्हा त्यांची सून सुलक्षणा माझ्या सीटवर आली. तिचा नवरा नसरापूरला दुकानात कामाला, म्हणून सासऱ्यांनीच तिला शिकवलं. तिचा हात इतका हलका की धुक्यातून जाताना मला वाटायचं, मी चालत नाहीये, तरंगतोय.

दर दसऱ्याला मला धुवून झेंडूचा हार घालत. सीटला नवं कव्हर आलं, हॉर्नही नवा आला. ब्रेकच्या डिस्का, म्हणजे चाकाला धरणाऱ्या गोल चकत्या, मात्र माझ्या पोटात, झाकणाआड असतात. त्या दिसत नाहीत, म्हणून त्यांची आठवणही कुणाला झाली नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

गेल्या आषाढातली गोष्ट. सुलक्षणा ट्रॉलीत लावणीच्या बाया आणि भाताच्या रोपांच्या जुड्या घेऊन ओढ्याचा उतार उतरत होती. पायडलांची कडी लावलेली होती. तिने ब्रेक दाबला. उजव्या चाकाने धरलं, डावं फिरतच राहिलं आणि मी एकदम उजवीकडे, ओढ्याच्या अंगाला ओढला गेलो. मागून ट्रॉली ढकलत होती. सुलक्षणाने सारा जीव लावून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. पुढचं चाक कडेच्या करवंदीच्या जाळीत रुतलं आणि मी थांबलो. जाळीपलीकडे खाली ओढा दुथडी भरून वाहत होता.

कुणाला काही लागलं नाही. पण लावणीच्या टोळीतल्या सगळ्यात थोरल्या अंबूबाई ट्रॉलीतून खाली उतरल्या. "पोरीच्या हातात एवढं धूड दिल्यावर दुसरं काय व्हनार? आमी आपलं चालत जाऊ."

घरी आल्यावर सुलक्षणा म्हणाली, "मामा, म्या ब्रेक येळेवर दाबला व्हता."

कोंडिबा पाठ फिरवून आत गेले. त्यांचं ते पाठ फिरवणंच तिला फार लागलं. तिने किल्ली खुंटीला अडकवली आणि माझ्याकडे बघणं सोडून दिलं. बाया डोक्यावर रोपं घेऊन भर पावसात माझ्यासमोरून जात. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो, तिची चूक नाही! पण मला हॉर्न आहे, तोंड नाही.

शेवटी नसरापूरहून सोमनाथ मेकॅनिक आला. त्याने मला जॅकवर उचललं आणि दोन्ही बाजूंची झाकणं खोलली. डाव्या डिस्कचं लायनिंग, म्हणजे वरचा घासणारा थर, पार उडालं होतं, नुसता पत्रा उरला होता. उजवी अजून जाडजूड होती.

"काका, तुमी एकाच अंगाला वळता का काय?" सोमनाथने विचारलं.

कोंडिबांनी दोन्ही डिस्का दोन हातांत घेतल्या. एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. "म्या बैलावानी हाकला ह्याला," ते हळूच म्हणाले. "पोरीला बी तेच शिकवलं." मग सोमनाथला म्हणाले, "डावीच बदल. उजवी चांगली हाय, ती ऱ्हाऊ दे."

"न्हाई!" दारात उभी असलेली सुलक्षणा पुढे आली. "दोनी अंगाच्या बदला. एक नवी, एक जुनी म्हंजी परत एकीकडंच वढंल."

"बराबर हाय वहिनींचं," सोमनाथ म्हणाला.

दोन्ही बाजूंना नव्या डिस्का बसल्या, तेल अडवणारी नवी सीलं बसली. दोन्ही पायडलं सारखीच खाली जातील अशी जुळवली. सोमनाथने मला अंगणात चालवून ब्रेक दाबला. ओल्या मातीत दोन चाकांचे दोन ओरखडे उमटले, अगदी सारखे. कितीतरी वर्षांनी मी सरळ थांबलो होतो. अंग कसं हलकं हलकं वाटलं.

दुसऱ्या सकाळी बाया रोपं घेऊन निघाल्या, तेव्हा कोंडिबा वाटेत उभे राहिले. "चूक हिची न्हवती," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "माज्या सवयीनं डावा ब्रेक झिजला. ही व्हती म्हनून तुमी वाचला." मग गुडघे धरत धरत ते स्वतः ट्रॉलीत चढले आणि सगळ्यांत पुढे बसले. "चालव, पोरी."

अंबूबाई क्षणभर घुटमळल्या. मग त्याही चढल्या, त्यांच्यामागे बाकीच्या चढल्या.

उताराच्या मध्यावर सुलक्षणाने ब्रेक दाबला. मी जागच्या जागी, नाक सरळ ठेवून थांबलो. सगळीकडे धुकं होतं. ट्रॉलीतल्या बायांनी कडा घट्ट धरल्या होत्या. सुलक्षणाने वळून ट्रॉलीकडे पाहिलं.

"थांबलीस कशाला गं?" मागून अंबूबाई म्हणाल्या. "चल की, रोपं सुकत्यात."

सुलक्षणा हसली. ओढ्यावरच्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच हसली होती.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, मोटारसायकल असेल, माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल. त्याला हार घाला, पण त्याचे ब्रेकही बघत जा. आणि काही बिघडलंच, तर चालवणाऱ्याला बोल लावण्याआधी एकदा झाकण उघडून बघा.