जोडलेलं वाक्य

मी शंभर पानी वही आहे आणि आज वैतागून बोलतेय. माझी मालकीण रुग्णालयात आया आहे. वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणतात. इंग्रजीत नोंदी लिहिता आल्या तर बढती मिळेल, असं कळल्यावर तिने मला विकत आणलं.

शिकवायला तिची धाकटी जाऊ, शाळेतली शिक्षिका. भाजी चिरून झाली की दोघी ओट्यावरच मला उघडायच्या.

'बिकॉज आय वॉज टायर्ड.' मावशीने लिहिलं आणि पूर्णविराम दिला.

"ताई, दमलात म्हणून काय झालं?"

"तुला माहीतच आहे की."

"मला आहे, वाचणाऱ्याला नाही ना."

तरी पुढची सात पानं अशाच चुका. मराठीत 'जरी'ला 'तरी' लागतो, म्हणून ही इंग्रजीतही 'ऑल्दो'ला नको असलेला 'बट' लावणारच. खोडून खोडून मला भोक पाडलं. मला तिचा भारी राग यायचा.

मग एका दुपारी वॉर्डातले आजोबा खाटेवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. खाटेचा कठडा तुटलेला होता आणि मावशीने ते सोमवारीच कळवलं होतं. चौकशीत तिने लिहून दिलं: 'द रेल वॉज ब्रोकन. आय वेन्ट फॉर वॉटर. द पेशंट फेल.' व्याकरणाची एकही चूक नाही.

मेट्रनबाईंनी मधल्या वाक्यावर बोट ठेवलं. "म्हणजे तुम्ही जागेवर नव्हता."

घरी येऊन ती माझ्यासमोर बसली. जावेने पेन घेतलं तर म्हणाली, "तू नको. माझं मी लिहिते." अकरा वेळा खोडलं. बाराव्या वेळी उमटलं: 'द पेशंट फेल बिकॉज द रेल, व्हिच आय हॅड रिपोर्टेड ऑन मंडे, वॉज ब्रोकन.' ते पान फाडून तिने नेलं. पिशवीत मीही होते.

"फार लांब झालंय, मावशी," मेट्रनबाई म्हणाल्या. "ते मधलं सोमवारचं काढून टाका."

"लांब नाही बाई, जोडलेलं आहे. तोडलंत तर दोष माझ्यावर येतो."

पान तसंच फायलीला लागलं. तिची नोकरी राहिली, बढतीच्या यादीत मात्र नाव आलं नाही. कठडा अजून पट्टीने बांधलेला आहे.

माझी उरलेली नऊ पानं तिने दुसऱ्या दोन आयांना दिली आहेत. त्या स्वल्पविराम मीठ भुरभुरावं तसे टाकतात. मी चिडते, पण लिहू देते. वाचणाऱ्या साहेबांना एवढंच सांगणं आहे, की आमचं वाक्य लांबलं तर कंटाळू नका, शेवटपर्यंत वाचा.