बाजूनं पाहिलेली कोलांटी

ऊन उतरलं की न्हावी वस्तरा खाली ठेवायचा, मग खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर का असेना. गच्चीवरचं खुराडं उघडायचं, कबुतरांचा थवा वर सोडायचा आणि दुकानाच्या पायरीवर येऊन मान वर करून उभं राहायचं, हा त्याचा नेम. कबुतरं साधी नव्हती. उंच गेल्यावर ती एकाएकी मागच्या मागे कोलांट्या घेत, इतक्या भराभर की पक्षी दिसेनासाच होई. मग अचानक थांबत आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा थव्यात मिसळत.

कोलांटीत पंख कसे राहतात, यावर सारं असतं. ते पाठीवर उभे, एकमेकांजवळ राहिले तर पक्ष्याचा घट्ट गोळा होतो. बाहेर फाकले तर नुसती फडफड. न्हाव्याच्या नजरेला सगळे कबूतरवाले मान देत. तो 'गोळा' म्हणाला की गोळा.

त्याच्या तांबड्या मादीची मात्र फडफड होते, असं त्याचं ठाम मत होतं. नावच त्यानं फडफडी ठेवलं होतं. शेवटी शेजारच्या शिंप्याला त्यानं शब्द दिला : आज शेवटचं उडू दे, उद्या घेऊन जा. शिंपी तिच्या पंखांतली मोठी पिसं कापून तिला दुसऱ्यांच्या अंड्यांवर बसवणार होता. म्हणजे पुढं जन्मभर खुराडं.

त्या संध्याकाळी थवा वर गेला, आणि समोरच्या नव्या इमारतीच्या सातव्या मजल्यावरून थोरल्या बहिणीची हाक आली. ती नुकतीच तिथं राहायला आली होती.

"अरे आभाळाच्या जावया! जरा बहिणीकडेही बघ. खिडकीचं दुसरं दार अडकलंय."

"ताई, थवा वर आहे!"

"तो काय मला विचारून गेलाय? ये वर!"

लिफ्ट बंद होती. न्हावी पुटपुटत, धापा टाकत पोचला. दोघांनी मिळून रेटा दिला तसं दार धाडकन उघडलं, आणि तो जागच्या जागी थांबला. ढग खाली आले होते म्हणून थवाही खालूनच फिरत होता. खिडकीच्या अगदी समोरून. इतकी वर्षं त्यानं उडत्या कबुतरांची पोटंच पाहिली होती. उडताना त्यांचे डोळे आज पहिल्यांदा दिसत होते.

खिडकीच्या वरच्या बाजूला फडफडीनं शेपटी पसरली, पंख पाठीवर उचलले आणि ती उलटली.

पुढचं नीट सांगता येणं अवघड आहे. मादी नव्हतीच, एक तांबडं कडं होतं, गरगरत सरळ खाली येणारं, आणि कड्याच्या मधोमध एक भोक. त्या भोकातून पलीकडचा ढग दिसत होता. पंख कुठं फाकत नव्हते. प्रत्येक फेऱ्यात त्यांचा एक निमिषभराचा झटका, तेवढाच. खालून पाहताना त्या झटक्यालाच तो फडफड समजत आला होता. कडं खिडकीवरून गेलं तेव्हा कापड फाटल्यासारखा आवाज आला. न्हावी बाहेर वाकला. बहिणीनं मागून त्याची कॉलर धरली.

विजेच्या तारांच्या जरासं वर कडं उलगडलं आणि त्याची पुन्हा कबुतरीण झाली.

"ही तीच का रे? ती बिनकामाची?"

"तिच्या आरपार आभाळ दिसलं, ताई," तो म्हणाला.

बहीण खालच्या तारांकडे पाहत होती. "थोडी आणखी खाली आली असती तर?"

"संपली असती." इतकं खोल फिरणारा पक्षी एखादे दिवशी वेळेवर थांबत नाही, हे त्याला ठाऊक होतं. कौलांवर आपटलेले त्यानं स्वतः उचलले होते.

"आणि शिंप्याकडे?"

"म्हातारी होईपर्यंत जगेल."

बहिणीनं त्याची कॉलर आणखी घट्ट धरली.

खालून शिंप्यानं तोंडाभोवती हात धरून विचारलं, "सकाळी खोकं घेऊन येऊ ना?"

न्हाव्यानं थव्याकडे पाहिलं. फडफडी वर चढत होती, सगळ्यांच्या मागून, घाईघाईनं, जणू कुणी आपल्याला वगळून पुढं जाईल.

"आणू नका! नजर चुकली!"

"कुणाची?" शिंप्याला ऐकू आलं होतं, पण अशी संधी कोण सोडतो! गल्लीतल्या माना वर झाल्या.

"माझी!" न्हावी सातव्या मजल्यावरून ओरडला. "माझी चुकली! दुसरी कुठलीही न्या, ही नाही!"

गल्लीत हशा पिकला. त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. थवा वळून पुन्हा खिडकीसमोर येत होता.

"परत करील का रे?" बहिणीनं हळूच विचारलं. कॉलर तिनं अजून सोडली नव्हती.

"बोलू नकोस."

तांबडी मादी थव्यातून जराशी मागे राहिली. तिनं शेपटी पसरली. न्हाव्यानं श्वास रोखला, आणि तिनं पंख पाठीवर उचलले.