सहा तासांचा शकुन

माझी आई, सिंधुताई, अकरा वर्षं फिनलंडच्या मिशनऱ्यांची दुभाषी होती. दर फेब्रुवारीत तिकडच्या एका चर्चमधले आठ-दहा डॉक्टर आणि नर्सेस स्वखर्चाने भिलाईला येतात. नेहरू नगरच्या पुढे मिशनचं मुलांचं छोटं हॉस्पिटल आहे, तिथे पंधरा दिवस राहतात आणि जन्मतः दुभंगलेले ओठ शिवून देतात. ते इंग्रजीत बोलत; आई ते हिंदीत, छत्तीसगढीत, नाहीतर आमच्या नागपुरी मराठीत सांगे. सकाळी ते प्रार्थना करत तेव्हा हीही हात जोडून उभी राही. देवाला भाषा बदललेली चालते, असं ती म्हणे.

नोव्हेंबरमध्ये ती गेली. जानेवारीत तिच्या फोनवर डॉक्टर आइनोंचा मेसेज आला: तुझ्यासाठी या वर्षीही कॉफीच आणू ना? मी घडलेलं कळवलं, आणि शेवटी, का कोण जाणे, तिच्याऐवजी मी येते असंही लिहिलं.

मी पुस्तकांची भाषांतरं करते. मुळात नसलेला शब्द घालायचा नाही, असलेला गाळायचा नाही, हा माझा धर्म. आई डॉक्टरांच्या एका वाक्याची पाच करी. "हे भाषांतर नाही, कीर्तन आहे," असं मी तिला चिडवत असे.

चौदा दिवस माझं काम चोख झालं. शेवटच्या दिवशी यादीत एकच मुलगी उरली होती, उतई गावची चार वर्षांची उन्नती. तिची आई नीतू बाळंतीण, म्हणून सोबत वडील भूपेंद्र आणि त्यांची आई मैनाबाई. आदल्या संध्याकाळी मी त्यांना कागदावरचं वाक्य सांगितलं होतं: रात्री बारानंतर खायचं-प्यायचं काही नाही. मग ते रात्रीपुरते घरी गेले होते.

सकाळी आठला डॉक्टर आइनो आल्या. भूल त्याच देणार होत्या.

"आजी, हिनं सकाळपासून काही खाल्लं?" मी विचारलं.

"नाई जी. पाण्याचा घोट नाई देला."

मी तसं इंग्रजीत सांगितलं. तेवढ्यात वॉर्डातल्या चंपा सिस्टरने उन्नतीचा चिकट तळवा उचलून नाकाशी नेला.

"ताई, ये तो दही है."

"मग?" मैनाबाई म्हणाल्या. "दही-साखर होय ते. शकुनाची. ते का खाणं होय?"

"किती दिली, आजी?"

"एकच चमचा देला मी." मग त्या बोटं मोजू लागल्या. "एक नीतूनं देला. शेजारच्या राधाबाईनं हातावर ठेवला, तिले नाई कसं म्हणू? अन् भूपेंद्रनं आता गेटापाशी, साडेसात वाजता. डबा संग आणला होता."

भूपेंद्रने डबा पाठीमागे धरला.

चंपा माझ्या कानाशी आली. "सिंधुताई रातको हाथ पकड़के बोलती थी. परसाद नहीं, चाय नहीं, शगुन का दही भी नहीं."

ते कागदावर नव्हतं. मी कागद तंतोतंत सांगितला होता.

"चूक माझी आहे," मी डॉक्टरांना म्हणाले, आणि सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. पोटात दही असताना भूल दिली आणि ते उलटून फुफ्फुसात गेलं, तर जिवावर बेतेल. सहा तास जायला हवेत. संध्याकाळी पाचला त्यांची गाडी रायपूरच्या विमानतळाकडे निघणार, आणि पुढची टीम वर्षानंतर.

"साडेतीनपर्यंत ती शुद्धीवर यायला हवी," त्या म्हणाल्या. "दीडला टेबलावर. एक कणही जास्त गेला तर मी करणार नाही. तुम्ही सांभाळाल?"

मी हो म्हणाले.

मैनाबाईंना समजावताना मी आईच्या वरताण बोलले. पाणी साडेअकरापर्यंत, तेही थोडंथोडं. बिस्किट नाही, चॉकलेट नाही, कुणी कौतुकाने दिलेला दाणाही नाही. भूपेंद्रला डब्यासकट गेटाबाहेर पाठवलं.

"कावून पाठवता त्याले? बाप होय," मैनाबाई म्हणाल्या.

"बाप आहे म्हणूनच."

त्या हसल्या. "बरोबर आहे. पोरीनं तोंड वाकडं केलं का हा देऊन टाकते."

दहापर्यंत उन्नतीला मजा वाटली. मग कँटीनमध्ये आलूगुंडे, म्हणजे आमच्याकडचे बटाटेवडे, तळायला घेतले आणि वास थेट वॉर्डात आला. मी तिला उचलून मागच्या आवारात नेलं. आम्ही झाडावरच्या खारी मोजल्या. मोजताना तिने एकीला दोनदा मोजलं, मी गाळायला सांगितलं तर ऐकेना. टीममधल्या दोन दांडग्या नर्सेस सामानाच्या पेट्या बांधत होत्या. त्यांनी तिला रिकाम्या पेटीत बसवून अंगणभर ओढलं. मैनाबाईही उपाशीच होत्या, पण ओरडून दिशा सांगत होत्या.

"हे भल्ले लोक आहेत," त्या मला म्हणाल्या. "एवढ्या दुरून येऊन पेटी ओढून राहिले."

बाराला उन्नती रडली, खरंखुरं, भुकेचं. मग एकदम गप्प होऊन तिने चंपाकडे बोट दाखवलं.

"ही खाऊन राहिली."

चंपाने सुपारी गालात दाबली आणि पळाली. पाठोपाठ उन्नतीसमोर कुणी खायचं नाही असं फर्मान निघालं, आणि वॉर्डात कुणीच काही खाईना. डॉक्टरांचं निरोपाचं जेवणही ताटाखाली झाकून राहिलं.

सव्वा वाजता डॉक्टर आइनोंनी विचारलं, ही दही-साखर नेमकी कशासाठी?

"काम यशस्वी व्हावं म्हणून."

"चार जणांनी दिली ना? मग त्या बाजूने काही कमी नाही." त्यांनी डोळे मिटून आपली छोटी प्रार्थना केली. मैनाबाईंनी डोळे उघडेच ठेवून हात जोडले, आणि उन्नती आत गेली.

तो दीड तास मी मैनाबाईंजवळ बसून होते. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. "तुमची माय इथंच बसे का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. खरं तर मला माहीत नव्हतं. मी कधी पाहायला आलेच नव्हते.

तीन वाजून वीस मिनिटांनी उन्नतीने डोळे उघडले आणि पहिलं काही मागितलं असेल तर आलूगुंडा. ओठावर टाक्यांची बारीक रेघ होती. वरचा ओठ आता सबंध होता.

मैनाबाई वाकून पाहत राहिल्या. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू पडला.

"काय झालं, आजी?"

"मले वाटे पोरगी आमच्यावर गेली. ही तं अख्खी नीतूच्या मायवर गेली."

डॉक्टर आइनो काळजीने पुढे झाल्या. काय तक्रार आहे? मी सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाल्या, याला आमच्याकडे उपाय नाही.

मी तेही पोचवलं. मैनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला ठरवता आलं नाही.

"राहू द्या जी," त्या म्हणाल्या. "नीतूची माय बी दिसायले काही वाईट नाई."