आकाशाची उलट बाजू

टेलरबाईंनी आजवर झबल्यापासून पडद्यापर्यंत सगळं शिवलं होतं, पण आकाश पहिल्यांदाच. शाळेच्या विज्ञानबाई काळ्या जाड कापडाचा तागा आणि नकाशांची गुंडाळी घेऊन दुकानात आल्या, तेव्हा टेलरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "माप कुणाचं घ्यायचं?"

"तीस मुलं आत मावली पाहिजेत. सोळा कळ्यांचा घुमट करा, नकाशाप्रमाणे कापडाला भोकं पाडा. ठळक तारा असेल तर भोक मोठं. बाहेर उजेड, आत अंधार, की झालं आकाश."

"म्हणजे कळ्यांचा झगाच की, गळा बंद केलेला."

भोकं दोन हजार. शेजारीण म्हणाली, डोळे जातील. तरी टेलरबाईंनी काम घेतलं, आणि का घेतलं ते कुणाला सांगितलं नाही.

त्यांचा नवरा लांब पल्ल्याची बस चालवायचा. घरी असला की जेवून गच्चीवर जायचा आणि वरून हाक मारायचा, "अगं, वर ये, गंमत दाखवतो." "आले, एवढी टीप संपू दे," असं खालून उत्तर जायचं. एक टीप संपेपर्यंत दुसरी सुरू झालेली असायची. शेवटच्या खेपेला त्यानं पत्तासुद्धा सांगितला होता: पाण्याच्या टाकीच्या वर, जरा डावीकडे. त्या गेल्या नाहीत. पुढे चार महिन्यांनी तोच गेला, झोपेत, चालती गाडी बंद पडावी तसा. त्याला आता दोन वर्षं झाली. नंतर टेलरबाई पुष्कळदा गच्चीवर गेल्या. टाकीच्या वर डावीकडे कधी एक तारा असे, कधी तीन, कधी नुसता ढग. त्याला कुठला दाखवायचा होता, हे विचारायचं कुणाला?

कापड अर्धं टोचून झालं तेव्हा त्यांनी विज्ञानबाईंना विचारलं, "या भोकापासून त्या भोकापर्यंत खरं अंतर किती हो?"

विज्ञानबाईंनी डब्यातलं शर्टाचं बटण उचललं. "हा सूर्य धरा. मग पृथ्वी एका मीटरवर, टाचणीच्या टोकाहून बारीक. आणि पुढचं बटण, सगळ्यात जवळचं, तीनशे किलोमीटरवर."

"आणि मध्ये?"

"मध्ये काही नाही."

"चहाला थांबायचीही सोय नाही?"

"नाही."

टेलरबाई मशीनवरचा पाय काढून बसल्या. तीनशे किलोमीटर त्यांना चांगले ठाऊक होते. नवऱ्याची नेहमीची फेरी तेवढीच, सहा तास जायला, सहा यायला. त्या वाटेकडे डोळे लावण्यात निम्मा संसार गेला होता. आणि हे म्हणे सगळ्यात जवळचं.

"आणि आपण त्या टाचणीच्या टोकावर," त्या म्हणाल्या. "तरी मेली शिलाई मात्र सगळ्यांना वेळेवर हवी."

त्यांच्या घरापासून टाकी दक्षिणेला होती. कापड आतून दिसेल तसं सुलट धरलं, तर दक्षिणेच्या वर, डावीकडे, एक ठळक तारा येत होता. ते भोक पाडताना त्यांचा हात हळू चालला. हाच तो, त्यांनी ठरवून टाकलं. मग रोज कामाला बसताना त्याला एकदा बोट लावायचं, असं चाललं.

भर दुपारी शाळेच्या हॉलमध्ये, पाइपांच्या सांगाड्यावर आकाश चढलं. विज्ञानबाई आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"मावशी, उलटं झालंय."

चूक हाताच्या सवयीची होती. मुलांना आतली बाजू दिसणार, म्हणून ती सुलट धरली. आणि खडूच्या खुणा टेलर नेहमी उलट बाजूनं करतो. नकाशा आतून बघायचा होता, त्यांनी तो बाहेरून लावला.

"हे आकाशाच्या पलीकडे उभं राहून बघितल्यासारखं झालंय," विज्ञानबाई म्हणाल्या.

"पलीकडे कोण असतं?"

"कोणी नाही, मावशी."

"मग तिकडून शिवून काय उपयोग. उलटून घेऊ. शिवणी आत दिसतील, दिसू देत."

उलटलं. टेलरबाई आत गेल्या आणि उभ्याच राहिल्या. त्यांचा ठळक तारा आता उजवीकडे होता. डावीकडे बारीकसारीक चुरा, त्यात एकही असा नाही की ज्यासाठी कुणी बायकोला वर बोलवावं.

"बाई, हा डावीकडे होता हो," त्या म्हणाल्या, आणि मग सगळं सांगितलं. गच्ची, टाकी, टीप.

विज्ञानबाईंनी सांत्वन वगैरे केलं नाही. "तारीख आठवते?"

"तारीख कसली? नर्सबाईंचा कोट होता हातात. यांच्या हाकेच्या नादात कॉलर उलटी लागली, ती उसवत बसले होते. रागच आला होता मला." मग थांबून त्यांनी पिशवीतून मापाची वही काढली. नर्सबाईंच्या पानावर कोट द्यायची तारीख होती. हाक आदल्या दिवशीची, साडेआठ-नऊची.

विज्ञानबाईंनी तारीख आणि वेळ फोनमधल्या आकाशाच्या नकाशात घातली. फोनकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे.

"तिथे त्या दिवशी गुरू होता. तारा नव्हे, ग्रह."

"त्याचं भोक कुठलं?"

"त्याला भोक नसतं, मावशी. तो एका जागी थांबत नाही, म्हणून या नकाशात त्याला धरतच नाहीत."

जन्मभर गाडी चालवणाऱ्या माणसानं एवढ्या पसाऱ्यातून नेमका फिरताच निवडला होता. टेलरबाईंना हसू आलं.

"किती लांब असतो?"

"बटणाच्या हिशेबानं? पाच मीटर, फार तर सहा. मोहरीच्या दाण्याएवढा."

टेलरबाईंनी घुमटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिलं. तेवढंच. "म्हणजे हाकेच्या अंतरावर होता," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "परत कधी येतो तिथे?"

"बारा वर्षांची फेरी असते. दोन झाली, दहा राहिली."

"तेव्हा मी अडुसष्टची. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत."

विज्ञानबाईंनी दाभण त्यांच्यापुढे धरलं. "पाडा एक. कुणाला कळणार नाही."

टेलरबाईंनी जागा अचूक शोधली. दाभणाचं टोक टेकवलं, कापड किंचित दबलं. मग हात खाली घेतला.

"नको. पोरं घरी जाऊन शोधतील आणि तिथे काही नसेल. मान वर करून तसं उभं राहणं फार वाईट असतं."

बाहेर मुलांचा गलका सुरू झाला होता. विज्ञानबाई त्यांना आणायला गेल्या. टेलरबाई दक्षिणेच्या बाजूला, त्या कोऱ्या काळ्या कापडाखाली मांडी घालून बसल्या, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. मुलं वाकून वाकून आत आली, धक्काबुक्की करत बसत गेली. एक वेणीवाली पोरगी त्या जागेपाशी अडखळली.

"इथे कोणी बसलंय का?" तिनं विचारलं.

टेलरबाईंनी एकदा वर कोऱ्या कापडाकडे पाहिलं, मग त्या जागेवरचा पदर आवरून घेतला.