अण्णांच्या खात्यातलं फ्रेमवर्क

बसवनगुडीतल्या ग्रंथालयाचा कॅटलॉग माझ्या वडिलांनी, अण्णांनी, लिहिलेल्या फ्रेमवर्कवर, म्हणजे पायाभूत सॉफ्टवेअरवर, चालतो. ते गेल्यावर काही आठवड्यांनी तिथून फोन आला. मीही सॉफ्टवेअरचंच काम करते, म्हणून मला बोलावलं होतं.

सर्व्हर सांभाळणारा शंतनु नवा, पुण्याहून आलेला. गेलेल्या माणसाचं सर्व्हरवरचं खातं आतल्या फायलींसकट पुसायचं, असा नियम. अण्णांनी फ्रेमवर्क बसवलं होतं ते स्वतःच्याच खात्यात. खात्याबरोबर कॅटलॉगही गेला असता.

"ताई, सगळं एकाच फोल्डरमध्ये? असं कोण ठेवतं?"

"घरीही तसंच. दाढीचा ब्रश, औषधं, पोस्टाची तिकिटं, सगळं एका फळीवर. कुणी हात लावला की ओरडायचे."

सर्व्हरच्या लिनक्स प्रणालीत फोल्डरांच्या जागा ठरलेल्या असतात: प्रोग्रॅम यूएसआरमध्ये, सेटिंग्ज ईटीसीमध्ये, रोज वाढणारी माहिती व्हारमध्ये. नवख्या माणसालाही मग शोधावं लागत नाही. दुपारभर आम्ही तशी वाटणी केली.

"स्वल्प थांब. आधी कॉपी घे."

"स्वल्प! ताई, थोडं म्हणायचं सोडून हे कुठलं मराठी?"

"चारशे वर्षं इथलंच, कानडीच्या शेजारात वाढलेलं. तुझं पुणेरी किती टिकतं बघू."

तो नसताना चालतं का हे बघायला जुन्या फोल्डरचं नाव बदलून आम्ही कॅटलॉग सुरू केला. पान उघडलं. शोध मात्र बंद.

काउंटरवरून ग्रंथपाल कृष्णाबाई ओरडल्या, "काय केलंत गं? एक पुस्तक सापडेना!"

शोधाच्या कोडमधल्या एका ओळीत अण्णांनी स्वतःच्या खात्याचा पूर्ण पत्ता लिहून ठेवला होता. ही चूक ते इतरांच्या कामात लगेच पकडायचे. इथून आपल्याला हलायचं नाही, असं धरून चालले असावेत.

शंतनु म्हणाला, "त्यांच्या नावाचा फोल्डर राहू दे. आत फक्त नव्या जागेची लिंक. शोधही चालेल, नावही राहील. नियमाचं मी बघतो."

अशी लिंक ठेवणाऱ्यालाच कळते. पुढचा माणूस ती कचरा समजून पुसेल, आणि तेव्हा आम्ही दोघंही इथे नसू.

"नको," मी म्हणाले आणि ती ओळ बदलली.

"खातं तुम्ही पुसता?"

"तू पुस."

तो पुसत असताना मी काउंटरकडे पाहत होते. कृष्णाबाईंनी पुस्तकाचं नाव टाइप केलं, रॅकचा नंबर वाचला, आत जाऊन पुस्तक आणलं आणि थांबलेल्या गृहस्थांना दिलं.

"आता सापडतंय," वर न बघता त्या म्हणाल्या.