मिस कार्बनचे फुगे

"उद्या अडीचचा खेळ आहे," डेस्पिनाने संत्र्याची सोललेली फोड लेकीच्या उत्तरपत्रिकांवर ठेवली. "म्हाताऱ्यांना तिकीट स्वस्त. तुलाही म्हातारी म्हणून घुसवू आत. केस पिकलेतच की."

इस्मिनीने फोड तोंडात टाकली, कागदावरचा ओला ठिपका बोटाने पुसला आणि मान वर न करताच सांगितलं, की सोमवारच्या आत चाळीस निबंध तपासायचे आहेत.

"दोन तासांचा तर सिनेमा."

"आई, मी असलं काही बघत नाही. माहितीये तुला."

"माहितीये गं बाई. तुझ्या पुस्तकांत एक चित्र नसतं. बिचारी."

गुरुवार होता. दर गुरुवारी इस्मिनी कॉलेजातून परस्पर शहरातल्या अस्टोरिया वस्तीत आईकडे यायची, मसुराचं सार आणि पाव खायची, तिथेच बसून कामं उरकायची. डेस्पिना एकोणऐंशी वर्षांची होती. त्यांतली अठ्ठावीस वर्षं तिने एका कॉमिक्स कंपनीसाठी अक्षरं लिहिली होती. वाक्यं दुसऱ्या कुणाची, चित्रं तिसऱ्याच कुणाची. त्या चित्रांमधल्या पांढऱ्या फुग्यांत निळ्या पेन्सिलीने रेघा आखायच्या आणि टाक शाईत बुडवून पात्रांचं बोलणं लिहायचं, हे तिचं काम. तेही बहुतेक एकाच बाईचं बोलणं. मिस कार्बन.

ही मिस कार्बन वकिलातीत टंकलेखिका होती, आणि हेर. प्रत्येक कागदाची एक प्रत जास्त काढून ती शत्रूला पोचवायची. पहिल्या वर्षी ती खलनायिका होती. पण वाचकांना ती नायकापेक्षा आवडू लागली, तशी कंपनीने तिचं मन पालटवलं, एका प्रयोगशाळेत स्फोट घडवला आणि तिला एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याची शक्ती दिली. मग टीव्हीवर तिची मालिका आली. तीत ती उंच टाचांचे बूट घालून गच्च्यांवरून धावायची. ही चोर धरणार की पाय मोडून घेणार, असं म्हणत डेस्पिना न चुकता प्रत्येक भाग बघायची. मग मुलांसाठी कार्टून आलं. त्यात तिला एक बोलकं मांजर दिलं होतं. आणि आता हा सिनेमा. अस्टोरियातल्या प्रत्येक बसवर तिचं तोंड.

"सगळ्यांची नावं शेवटी येतात म्हणे," ताटल्या आवरता आवरता डेस्पिना म्हणाली. "मूळ लेखकाचे, चित्रकाराचे आभार मानतात हल्ली. अक्षरवालीचे मानतात का, ते बघून येते. नाही मानले तर नाही. माझं काय अडलंय?"

अडलं होतं, हे इस्मिनीला तिच्या आवाजावरून कळलं. तरी तिने पुढचा निबंध ओढला.

यात एक गोष्ट अशी होती, जी डेस्पिनाला माहीत नव्हती. इस्मिनी नऊ वर्षांची असताना शाळेतल्या एका बाईंनी तिला वर्गात विचारलं होतं, की तुझी आई काय लिहिते. आणि उत्तर ऐकून बाई हसल्या होत्या. त्या दिवशी घरी येऊन इस्मिनीने जाहीर केलं, की मी कॉमिक्स वाचणार नाही, ती अडाण्यांसाठी असतात. पण दर महिन्याला कंपनीकडून नव्या अंकाच्या प्रती आल्या, की त्यातली एक डेस्पिना जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायची. दोन दिवस तिथे राहू द्यायची. मग उचलून कपाटात. तिने कधी विचारलं नाही, आणि इस्मिनीने कधी टेबलावरच्या अंकाला हात लावला नाही. कपाटातल्या अंकांना मात्र लावला. न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून, एकूण एक अंक. कॉलेजात गेल्यावरही, सुट्टीत येऊन, राहिलेले. पहिली दहा वर्षं मानीपणापायी बोलली नाही. नंतर इतकी वर्षं का बोलली नाहीस, याचं उत्तर द्यावं लागलं असतं म्हणून बोलली नाही.

निघताना डेस्पिनाने साराचा डबा तिच्या हातात दिला आणि मफलर नीट गुंडाळायला सांगितलं. इतकंच.

शुक्रवारी पाच वाजता फोन आला, तेव्हा ती वर्गात होती. कुणी अनोळखी माणूस थिएटरमधून बोलत होता. त्याने तिचं आडनाव दोनदा चुकीचं उच्चारलं आणि तिने दोन्ही वेळा ते सुधारलं. मग तो काय म्हणाला ते ऐकून तिने फोन ठेवला, फळ्यावरचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं, पूर्णविराम दिला, आणि मुलांना म्हणाली, आज इथे थांबू या. थिएटरात खेळ संपल्यावर सगळे निघून गेले होते आणि डेस्पिना कोट घडी करून मांडीवर घेऊन आपल्या जागी बसलेली होती. उठवायला गेले तेव्हा ती गेलेली होती. हृदय. डॉक्टरांनी इस्मिनीला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं, की नावं येऊन गेली होती का? त्यांना वाटलं, धक्का बसलाय.

धक्का होताच, पण तो रडण्यासारखा नव्हता. पुढचे चाळीस दिवस ती कानात पाणी गेल्यासारखी वावरली. निबंध तपासले, एका विद्यार्थ्याला एकाच निबंधाचे दोनदा गुण दिले. चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये आईच्या नावाने उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटला. त्यावर साखरेचा थर दिला होता आणि चंदेरी साखरगोळ्यांनी आईची आद्याक्षरं काढली होती. स्टॅव्हरूला नावाच्या मावशीने वाटी हातात घेतली, डोळे बारीक केले.

"ही अक्षरं कुणी काढली गं? वाकडी आलीत. ती असती तर पुसून परत काढली असती."

"मी काढली, मावशी."

"मग असू देत," मावशी म्हणाली आणि चमचा भरून तोंडात घातला. मग हलकेच म्हणाली, "एकटीच गेली होती ना सिनेमाला? मला म्हणाली होती, पोरगी येणारे."

चर्चमधून इस्मिनी घरी गेली नाही. त्या थिएटरात मिस कार्बनचा दिवसाला एकच खेळ उरला होता, अडीचचा. काळ्या कपड्यांतच ती मागच्या रांगेत जाऊन बसली. सिनेमा तिने पाहिला असं म्हणवत नाही. इमारती कोसळल्या, लोक टाळ्या वाजवत राहिले. ती शेवटाची वाट बघत होती.

पडदा काळा झाला आणि नावं वर चढू लागली. पहिलंच नाव वाचलं आणि तिचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले. ते छापील अक्षर नव्हतं. 'आर'चा पाय पुढे टाकलेला, 'एस' जरासा मागे रेललेला, 'ओ' वरच्या बाजूला न मिटलेला. डब्यातल्या चिठ्ठ्यांवर, आजारपणाच्या अर्जांवर, लोणच्याच्या बरण्यांवर हेच अक्षर होतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी कंपनीच्या संपादकाने आईला कोरे कागद पाठवले होते. प्रत्येक अक्षर दोन-दोनदा लिहून दे, म्हणाला. दोन्ही थोडी वेगळी हवीत. नव्या मुलांना गिरवायला हवी असतील, असं समजून आई तीन दिवस टेबलाशी खपली. लाजत का होईना, खूश होती. सहा महिन्यांत कॉम्प्युटर तिचंच अक्षर लिहू लागला, आणि तिचं काम थांबलं. दोन-दोन अक्षरं कशाला मागितली, ते तेव्हा तिला कळलं: शेजारी शेजारी एकसारखी आली असती, तर यंत्राची वाटली असती.

नावं येत राहिली. सुतार, शिंपी, गाड्या हाकणारे, स्वयंपाकी, वकील. हजारो माणसं, सगळी आईच्या हातची. मग आभार आले. लेखक, चित्रकार, शाई भरणारा. यादी संपली. डेस्पिना कॅलोगेरास हे नाव त्यात नव्हतं.

दिवे लागले. हातात झाडू घेतलेली एक पोक्त बाई रांगेच्या टोकाशी थांबली होती.

"सावकाश उठा, घाई नाही," ती म्हणाली. "शेवटपर्यंत थांबणाऱ्यांचं कुणीतरी असतं त्या नावांत. मागच्या महिन्यात एक आजी अशाच बसल्या होत्या. मी दारात उभी होते. नावं वर जात होती आणि यांचं बोट कोटावर सारखं चालत होतं. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. मधे बोलू नये म्हणून थांबले. थांबायला नको होतं हो." तिने झाडू खुर्चीला टेकवला. "तुमचं कोण होतं?"

"तिचं नाव नव्हतं," इस्मिनी म्हणाली. ती उठून उभी राहिली. "हे अक्षर माझ्या आईचं आहे. सगळं तिनेच लिहिलंय."

बाईने काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग तिच्या काळ्या कपड्यांकडे, आणि हळूच समोरच्या खुर्चीत बसली.

"आणि मी ते वाचलंय," इस्मिनी म्हणाली. "आई, एकूण एक अंक. नळ सोडून वाचायचे."