दाजींसाठी वेगळा घाणा

माझा धाकटा भाऊ लहानपणापासून असाच. चहा करायला सांगितला की साखर दुप्पट टाकणार. आपल्या माणसाला काही कमी पडू द्यायचं नाही, एवढं त्याला कळतं. कळतं कसलं, डोंबल!

माझ्या नवऱ्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा नकली पायाचं प्लास्टिक भावाच्याच कारखान्यातून आलं. तिथे तो मिसळणीवर आहे. प्लास्टिकात ते झिंक ऑक्साइडची पूड घालतात, पिठाहून कितीतरी बारीक. कणाकणावर पातळ लेप असतो. त्या लेपामुळे कण सुटे राहतात, प्लास्टिकला धरून बसतात आणि ते चिवट होतं. नवरा सुतार. पुन्हा उभं राहून रंधा मारायचा, याशिवाय त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. "मेहुणे, लाकडाचाच केला असता, पण स्वतःच्या पायावर रंधा मारवत नाही," म्हणाला. भाऊ पोट धरून हसला. "दाजी, तुमच्यासाठी वेगळा घाणा काढतो."

काढला. महिनाभर नवरा उभा राहून काम करत होता. मग जिन्यात, अर्ध्यावर, तो पाय तडकला आणि नवरा खालपर्यंत गडगडत गेला. खुबा मोडला. शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू झाला, विष रक्तात पसरलं. काल डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. नवऱ्याला मी हे सांगितलेलं नाही.

आज तुटका तुकडा पिशवीत घालून तडक कारखाना गाठला. भावाने तडकलेली कड उजेडात धरली. तिच्यात पांढरे ठिपके होते. त्याने एका ठिपक्यावरून नख फिरवून पाहिलं.

"पुडीच्या गाठी झाल्यात, ताई. गाठीपाशीच तडा जातो."

"का झाल्या?"

"पूड मंद आचेवर सुकवतात. दाजींच्या पायात जराही ओल नको, म्हणून मी भट्टी वाढवली. लेप जळाला असणार. दिसायला पूड तशीच पांढरी. घरचा घाणा, म्हणून चाचणीलाही दिला नाही."

"कुणी सांगितला होता हा शहाणपणा? चल, त्यांच्यासमोर बोल हे."

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते वाटेत भावाला सांगितलं. दवाखान्यात त्याला पाहून नवऱ्याचा चेहरा खुलला. मी दाराशी उभी राहिले. भावाने तोंड उघडलं, तेवढ्यात नवराच म्हणाला, "मेहुणे, वाईट वाटून घेऊ नका. मीच घसरलो असेन. आता नवा करा, पण दुसऱ्या कुणाकडून नको. तुम्हीच करा, तेवढ्याच जिवापाड."

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याचा गळा धरावासा वाटला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण नवऱ्याचा तो चेहरा पाहिला आणि सगळं गिळलं.

"माप घे," मी म्हणाले.

त्याने खिशातून टेप काढली. एकट्याने टेप पायावर ठरेना, म्हणून एक टोक मी धरलं.

"जरा सैल ठेवा," नवरा म्हणाला. "बरा झालो की अंगाने भरेन."

"ठेवतो, दाजी."

माप कधीच घेऊन झालं होतं. तरी आम्ही दोघं टेप धरून तसेच वाकून उभे राहिलो.